तोंडपाठ नंबर

अनोळखी नंबरावरून फोन आला की अजूनही आधी माझा हात गार पडतो आणि मग तो फोनकडे जातो. मशीन चालू असेल तर मी पाय थांबवते, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवते आणि फोन उचलते. एकही सोडत नाही. नवरा म्हणतो, नंबर बदलून टाक, सुटशील एकदाची. नाही बदलणार. का ते सांगायचं तर मला माझीच लाज सांगावी लागेल, पण सांगते.

चामराजपुरमला माझं शिवणाचं दुकान आहे. आम्ही शिंपी, विठ्ठलाची माणसं, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते आमच्यातल्या म्हाताऱ्यांनाही धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण अर्ध्या वाक्यात कन्नड कधी शिरलं ते आमचं आम्हाला कळत नाही. नवरा हेब्बाळच्या कारखान्यात आहे; शिफ्ट सुरू झाली की फोन बाहेर लॉकरमध्ये, मग आभाळ कोसळलं तरी त्याला कळायचं नाही. आणि माझं तोंड जरा फाटकं आहे. ते मी कबूल करते, कारण पुढे सगळं त्या तोंडापायीच झालं.

एकुलती एक मुलगी. ती पळते. शाळेत असल्यापासून पळते, आणि आता जयलक्ष्मीपुरमला कॉलेजच्या खेळाडूंच्या हॉस्टेलवर राहते. ती कुणावर गेली देवाला ठाऊक, आमच्या खानदानात बसच्या मागे सोडून कुणी कशाच्या मागे पळालेलं नाही.

एका एकादशीला दुकानात एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. कन्नडमध्ये पहिलंच विचारलं, "ऊट आय्ता, अम्मा?" जेवण झालं का, हे इथे सगळेच विचारतात, त्यात काही विशेष नाही. मी म्हटलं, आज उपास आहे. तर म्हणाले, "मग साबुदाणा तरी खाल्ला का?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांना बारा कापडी पिशव्या शिवून हव्या होत्या, नाडीच्या, मोबाइल मावेल एवढ्या. मापं घेता घेता कळलं की ते चर्चचे निवृत्त पाद्री आहेत, आणि माझ्या मुलीच्या हॉस्टेलवर आठवड्यातून दोनदा येतात. पोरं त्यांना अय्या म्हणतात.

पाद्री माझ्या पोरीच्या हॉस्टेलवर कशाला? रविवारी ती घरी आली तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय शिकवतात गं तुमचे ते अय्या? प्रार्थना करायला लावतात?"

"नाही गं आई. मैदानाच्या कडेला बसतात. केळी आणतात. किती सेकंदांत पळालीस ते कधी विचारत नाहीत, जेवलीस का ते विचारतात. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर केळं खाऊन जायचं."

"आणि या पिशव्या?"

पिशव्यांचं असं होतं. स्पर्धेच्या दिवशी ज्या पोरांना हवं त्यांनी आपला फोन पिशवीत घालून अय्यांकडे द्यायचा. स्पर्धा झाल्यावर लगेच तो परत मिळायचा नाही. आधी पोटभर जेवायचं, मग काय झालं ते एका जिवंत माणसाला तोंडाने सांगायचं, आणि मग फोन. कारण पोरं हरली की पहिली फोन उघडतात आणि जगाने काय लिहिलंय ते वाचत बसतात. जबरदस्ती नाही, मागितला तर कधीही परत. आणि फोन नसताना अडायला नको म्हणून अय्या प्रत्येकाला एक नंबर पाठ करायला लावायचे. असह्य झालं, स्वतःचीच भीती वाटली, तर कुणाचाही फोन मागून घ्यायचा आणि तो नंबर लावायचा. दर आठवड्याला म्हणून घ्यायचे, आम्ही पाढे म्हणायचो तसे.

"मग तू कुणाचा पाठ केलास?"

"सांगत नाही जा," असं म्हणून ती हसत डब्यातली चकली घेऊन पळाली.

मला वाटलं, असेल कुणा मैत्रिणीचा. मग वाटलं, असेल कुणा मुलाचा. मग वाटलं, त्या पाद्र्याचाच असणार, आणि मी रात्रभर तळमळले. अय्यो, किती मूर्ख बाई मी!

पुढच्या वेळी ते पिशव्या न्यायला आले तेव्हा मी सरळ विचारलं, माझी मुलगी तुम्हाला काय काय सांगते? ते म्हणाले, "ते तिचं आहे, अम्मा. मी कोचला सांगत नाही, वॉर्डनला सांगत नाही, तुम्हालाही नाही. तिच्या जिवावर बेतलं तरच सांगीन, आणि हे तिलाही आधीच सांगून ठेवलंय." मला राग आला. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि हे मला सांगणार "तिचं आहे".

मग ती राज्याची स्पर्धा आली. मुलींची रिले होती. माझी तिसरी होती. चौथीच्या हातात बॅटन द्यायची, ती काठी हो, एवढीशी. आमची टीम पुढे होती. मी गर्वाने फुगले होते. आदल्याच दिवशी दुकानाच्या इन्स्टावर मी तिचा फोटो टाकला होता: ती पळायच्या कपड्यांत, मागे दुकानाची पाटी, पाटीवर माझाच मोबाइल नंबर. खाली लिहिलं होतं, माझी मुलगी, उद्या बघा. ते अकाउंट मी ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो टाकायला उघडलं होतं.

बॅटन पडली. तिच्या हातातून सुटली की चौथीने नीट धरली नाही, ते मला आजही कळत नाही. ती वाकली, काठी उचलायला गेली, तर तिचाच पाय लागून काठी आणखी लांब गेली. मागच्या सगळ्या पुढे निघून गेल्या. कुणीतरी व्हिडिओचा तेवढाच तुकडा कापून नेटवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो सगळीकडे होता. त्याला हसण्याचे आवाज लावले होते. बॅटनच्या जागी डोसा, बॅटनच्या जागी साबण. खाली लोक लिहीत होते. तिच्या पायांबद्दल, तिच्या रंगाबद्दल, तिच्या कपड्यांबद्दल. मग कुणीतरी दुकानाचं पान शोधून काढलं आणि लिहिलं, शिंप्याच्या पोरीने सुई धरावी, काठी तिचं काम नाही.

मुलीला यातलं थोडंच माहीत होतं. तिचा फोन मी शिवलेल्या पिशवीत होता, आणि तिनेच अय्यांना सांगितलं होतं की आठवडाभर मला देऊच नका. तिने स्वतःला सांभाळलं होतं हो. सांभाळलं नव्हतं ते मी.

मी सगळं वाचलं. एकेक ओळ. मशीन बंद करून काउंटरवर बसून वाचत राहिले, आणि डोक्यात तिडीक गेली. मी उत्तरं लिहायला लागले. कन्नडमध्ये, मराठीत, जसं सुचेल तसं. एकाला लिहिलं, "दुकानात ये रे, तुझं तोंड मशीनखाली घालून शिवते. वरून ओव्हरलॉकची टीप मारून देते, फुकट." एकाच्या आईला ओढलं, एकाच्या बापाला. दीड दिवस मी दुसरं काही केलं नाही. लग्नाचे ब्लाउज तसेच पडून राहिले. मला वाटत होतं मी माझ्या लेकरासाठी लढतेय.

झालं उलटंच. लोकांना माझी उत्तरं काठीपेक्षा जास्त आवडली. त्यांचे फोटो काढून फिरवले, मला ओव्हरलॉक आंटी म्हणायला लागले. विझत आलेला तो व्हिडिओ माझ्यामुळे परत पेटला. आणि पाटीवर नंबर होताच. फोन सुरू झाले. कुणी फक्त हसायचं, कुणी घाणेरडं बोलायचं, कुणी म्हणायचं माझं तोंड शिवा ना आंटी. मी आवाज बंद करून फोन काउंटरवर उपडा ठेवला, तरी तो लाकडावर घुर्र घुर्र सरकत राहायचा. त्याच्याकडे बघूनसुद्धा भीती वाटायला लागली होती.

मग एका दुपारी चारच्या सुमारास एकच नंबर लागोपाठ आला. दोनदा मी कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि पलीकडून कुणी श्वास घ्यायच्या आत ओरडले, "मर जा मेल्या! जा, मर कुठेतरी, माझ्या पोरीचा पिच्छा सोड!" आणि ठेवून दिला. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, क्षणभर फार बरं वाटलं.

दहा-पंधरा मिनिटांत हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचा फोन आला. तो नंबर माझ्याकडे नावासकट होता म्हणून उचलला. मुलगी दुपारपासून खोलीवर नाही. जेवायला आली नव्हती. खोलीतल्या मुलीने तिला आपल्या फोनवर काहीतरी दाखवलं, माझी ती उत्तरं, त्यांचे फिरवलेले फोटो. मुलगी हसली म्हणे, चपला घातल्या आणि बाहेर गेली. फोन तिच्याकडे नाही.

दुकानाचं शटर मी कसं ओढलं ते आठवत नाही. कुलूप लावायला गेले तर किल्ली भोकात जाईना. तेवढ्यात स्कूटरवर अय्या आले. वॉर्डनबाईंनी त्यांनाही कळवलं होतं. मी रस्त्यात उभी राहून त्यांच्यावर तुटून पडले.

"तुम्ही तिचा फोन घेतला! आता कुठे शोधू मी? कुठे विचारू? तुमच्या पिशव्यांना आग लागो!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा अम्मा. ती सकाळी पळायला तळ्यावर जाते. आधी तिथे बघू."

कुक्करहळ्ळीचं तळं. आयुष्यात कधी परक्या पुरुषाच्या गाडीवर न बसलेली बाई मी, त्या पाद्र्याच्या मागे बसले आणि त्यांचा शर्ट मुठीत धरला. विठ्ठला, विठ्ठला, एवढंच तोंडात होतं. रस्ता मला दिसतच नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "अय्या, ती तुम्हाला काही बोलली होती का? आता तरी सांगा."

"आता सांगायला हवं," ते म्हणाले. "परवा मी तिला सरळ विचारलं होतं, मरावंसं वाटतं का म्हणून. असं विचारायला घाबरायचं नसतं. ती म्हणाली, नाही, पण झोप लागत नाही, आणि सगळे आपल्याचकडे बघतायत असं वाटतं. उद्या सकाळी तिला डॉक्टरबाईंकडे न्यायचं ठरलंय, ती स्वतः हो म्हणाली. मग मी तिच्याकडून नंबर म्हणून घेतला."

"कुणाचा नंबर?"

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? तुमच्या दुकानाचा, अम्मा."

गाडी चालली होती, आणि मी ओच्यात खोचलेला फोन काढायला धडपडत होते. फोनवर कितीतरी अनोळखी नंबर होते, पण लागोपाठ तीनदा आलेला एकच होता. चार वाजून पाच, सहा, सात. मर जा मेल्या. जा, मर कुठेतरी. ते मी तिला म्हटलं होतं.

मी तो नंबर लावला. वाजत राहिला. माणूस घाबरतो म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. बाळंतपणात घाबरले होते, नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा घाबरले होते, पण ते काहीच नव्हतं. शेवटी एका पुरुषाने उचललं. तळ्याच्या गेटपाशी पेरू विकणारा होता तो. म्हणाला, हो, एक मुलगी आली होती, फोन मागितला, आईला करायचाय म्हणाली. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, पण ती काहीच बोलली नाही. फोन परत दिला, थँक्स म्हणाली आणि आत गेली.

"आत म्हणजे कुठे?" मी किंचाळले.

"आत, तळ्याकडे."

गेटपाशी पोचलो तर मी चालत्या गाडीवरूनच उतरले आणि गुडघ्यावर पडले. उठले, पळाले. त्या मातीच्या वाटेवर संध्याकाळचे फिरणारे लोक होते, कानात वायर घातलेले, आरामात हात हलवत चाललेले, आणि मी त्यांच्यामधून तिचं नाव घेऊन ओरडत पळत होते. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, आणि नजर दुसरीकडे जात नव्हती. पाण्यात काही काळं दिसलं की मी तिकडे वळायची. पक्षी असायचे ते, पाणकावळे.

मागून अय्यांची हाक आली. ते माझ्यासारखे वेड्यासारखे पळाले नव्हते. प्रत्येक बाक बघत येत होते. वाटेच्या वळणावर बांबूच्या बेटामागे एक बाक होता, तो मी ओलांडून पुढे गेले होते. ती तिथे बसली होती. गुडघे छातीशी घेऊन, चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. माझा आवाज तिने ऐकला होता, पण ती उठली नव्हती.

मी जाऊन तिच्यासमोर जमिनीवरच बसले. तिचे पाय धरले. बोलता येईना. शेवटी म्हटलं, "तो फोन, मला वाटलं कुणीतरी..."

"माहितेय आई," ती म्हणाली. "मला नव्हतीस म्हणाली तू. मला कळलं ते. पण मी परत लावला नाही. मला एकच नंबर पाठ होता, आणि तिथेपण ते लोक पोचले होते. मग मी इथे बसले. पाण्याच्या जवळ जाऊ नये म्हणून या बाकावर बसले, हलले नाही."

"मला सांगायचंस तरी, की माझा नंबर पाठ केलाय म्हणून!"

"अय्या म्हणाले होते, ज्याचा पाठ कराल त्याला विचारून घ्या, उचलशील ना म्हणून. सगळ्यांनी विचारलं. मीच नाही विचारलं. तुला काय विचारायचं? दुकानाचा फोन तू कधी उचलला नाहीस असं आठवतं का तुला?"

मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, लोक थांबून बघत होते तरी. ती पण रडली. अय्या थोडे लांब उभे होते. मी त्यांना म्हटलं, तुमची काय प्रार्थना असते ती म्हणा, माझ्या पोरीवर हात ठेवून म्हणा, माझी काही हरकत नाही. ते म्हणाले, "ती मी स्कूटर चालवताना म्हटली, अम्मा." आणि गेटपर्यंत जाऊन पेरू घेऊन आले, चार फोडी करून, तिखट-मीठ लावून. फोडी तिच्यापुढे धरल्या आणि विचारलं, "ऊट आय्ता, मगळे?" मगळे म्हणजे बाळ, मुली. तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि एक फोड घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघं गेलो, नवरा रजा टाकून आला. त्यानंतर बरेच दिवस ती घरीच होती. औषधं होती, बोलणं होतं, काही दिवस बरे जायचे, काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मी दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकायची. अय्या शनिवारी दुकानात यायचे, बाहेरच्या स्टुलावर बसायचे. ती वाटलं तर बाहेर यायची. आता ती परत पळते. रिलेत पळेल की नाही ते तिचं ती ठरवेल. ते तिचं आहे, हे आता मीही म्हणायला शिकले.

दुकानाचं इन्स्टा मी बंद केलं. नंबर मात्र तोच आहे. नवऱ्याने कितीदा सांगितलं, नवीन सिम घे, ही घाण कायमची जाईल. मी म्हटलं, आणि तिने काय पाठ केलंय? तिने कुठल्यातरी पेरूवाल्याचा फोन मागून कुठला नंबर लावायचा?

ते फोन अजून येतात. कमी झालेत, पण तो व्हिडिओ कुणाच्या तरी हाती परत लागतो आणि चार दिवस पुन्हा सुरू होतं. मी प्रत्येक उचलते. नंबर अनोळखी असला की तळ्याचं पाणी डोळ्यांपुढे येतं. पलीकडचं माणूस बोलायच्या आत मी विचारते, "ऊट आय्ता?" मग मराठीतही विचारते, जेवलीस का. कुणी शिवी घालतं. कुणी खदाखदा हसतं. कुणी काही न बोलता ठेवून देतं, आणि अशा वेळी मी तो नंबर लगेच परत लावते, कोण आहे ते कळेपर्यंत लावत राहते.